आधी पाणी ओळखा, मग साबण बदला

तुमचा प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देते. तुम्ही लिहिले आहे की घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलात तुम्ही चौघे राहता. धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण, फिनाईल, संडास साफ करण्याचे द्रावण, घासण्या, सॅनिटरी पॅड आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या यांवर महिन्याला साधारण १,८०० रुपये जातात. पर्यावरणाची हानी कमी व्हावी म्हणून चार महिन्यांपूर्वी तुम्ही नेहमीची पावडर सोडून 'रसायनमुक्त' साबणाचा चुरा वापरायला घेतलात. त्याने टॉवेल पुठ्ठ्यासारखे कडक झाले आणि यजमानांचे पांढरे सदरे करडे पडले. आता २,८०० रुपयांचा एक पर्यावरणपूरक संच मागवावा, की हे परवडणाऱ्यांचे चोचले म्हणून सोडून द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. सासूबाई म्हणतात त्याप्रमाणे राखेकडे परत जावे का, आणि बाल्कनीत भरून ठेवलेल्या बायो-एन्झाइमच्या, म्हणजे फळांच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून केलेल्या द्रावणाच्या, दोन बाटल्यांचे काय करावे, हेही तुम्हाला हवे आहे.

मी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे धुण्याच्या पावडरींची गुणवत्ता तपासली आणि त्यानंतरची पंधरा वर्षे ठाणे, कळवा व ऐरोली येथील बचत गटांतल्या बायकांना घरगुती स्वच्छतेच्या वस्तू करायला शिकवते आहे. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. तुमच्या पत्रातून मला दिसते ते असे की कोणती वस्तू विकत घ्यावी हा तुमचा खरा प्रश्न नाही. चांगल्या हेतूने केलेला बदल कपड्यांवर का उलटला, हे तुम्हाला कुणी सांगितलेले नाही, आणि ते कळल्याशिवाय पुढचा बदलही असाच फसेल.

तुमच्या घरी येणारे पाणी महापालिकेचे आहे की टँकरचे, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि उत्तराचा मोठा भाग त्यावरच अवलंबून आहे. ठाणे शहराला मिळणारे पाणी मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांचे, तर नवी मुंबईला मोरबे धरणाचे. नदी-धरणाच्या पाण्यात क्षार तुलनेने कमी असतात. घोडबंदर पट्ट्यातील अनेक संकुलांना मात्र वर्षातले काही महिने टँकरवर काढावे लागतात आणि टँकर विंधनविहिरीवर भरलेला असेल तर त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. यालाच आपण जड पाणी म्हणतो. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी हा फार समर्पक शब्द होता. साध्या साबणातील स्निग्धाम्ले या क्षारांशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा, चिकट, करडा साका तयार होतो. तो साका धाग्यांत बसला की टॉवेल कडक होतो आणि पांढरा कपडा मळकट दिसू लागतो. डिटर्जंट, म्हणजे तुमची नेहमीची पावडर, या अडचणीवर बरीच मात करते. म्हणजे तुमचा साबणाचा चुरा वाईट होता असे नाही. तो तुमच्या पाण्यासाठी नव्हता. तोच चुरा वाशीत माझ्या बहिणीकडे उत्तम चालतो.

हे घरच्या घरी पडताळता येते. पारदर्शक बाटलीत अर्धे पाणी घ्यावे, त्यात अंघोळीच्या साध्या साबणाचे नखाएवढे तीन-चार कीस टाकावेत आणि बाटली जोरात हलवावी. वर जाड फेस टिकला आणि खालचे पाणी बऱ्यापैकी नितळ राहिले तर पाणी हलके आहे. फेस बसून गेला आणि पाणी दुधाळ होऊन वर पांढरट पापुद्रा तरंगू लागला तर ते जड आहे. महापालिकेचे पाणी येते त्या दिवशी एकदा आणि टँकर येतो त्या दिवशी एकदा, असे दोनदा करून पाहा. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की माझ्या इतक्या वाक्यांची गरजही उरणार नाही.

पाणी जड निघाले तर पहिला आणि सर्वांत स्वस्त बदल म्हणजे धुण्याचा सोडा. हा खाण्याच्या सोड्याहून वेगळा, अधिक तीव्र पदार्थ आहे आणि जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा कोणत्याही जुन्या किराणा दुकानात सुटा मिळतो. तो पाण्यातील कॅल्शियमला साक्याच्या रूपाने आधीच बाजूला काढतो, त्यामुळे पावडर कमी लागते. किती सोडा, हे हिशेबाने सांगते, कारण इथेच बहुतेक जण मूठभर ओततात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. तुमचे पाणी ३०० च्या आसपास असेल असे धरले तर २० लिटरच्या बादलीला सुमारे ६ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सोडा आधी पाण्यात विरघळवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग पावडर आणि कपडे टाकावेत. जास्त घातला तर स्वच्छता वाढत नाही, उलट हात कोरडे पडतात आणि यंत्रात पांढरी पुटे साठतात. रेशमी व लोकरी कपड्यांना आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र हा सोडा अजिबात लावू नये. तो त्यांना खातो.

करडे पडलेले सदरे टाकून देऊ नका. कपडा सुती आणि रंग पक्का असेल तर सोसेल इतक्या गरम पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा आणि तुमची जुनी नेहमीची पावडर घालून ते तीन-चार तास भिजवावेत. पाणी गढूळ होईल, तो चार महिन्यांचा साका आहे. नंतर नेहमीप्रमाणे धुऊन शेवटच्या खळबळण्याच्या बादलीत अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे दुकानदार ज्याला लिंबूफूल म्हणतात ते, विरघळवावे. उरलेला क्षार त्याने सुटतो आणि टॉवेल पुन्हा मऊ होतो. कपडे मऊ करण्यासाठी मिळणारे सुगंधी द्रावण मग लागत नाही. माझ्या घरी ते गेल्या बारा वर्षांत आलेले नाही.

आता पावडरीबद्दल माझे स्पष्ट मत सांगते, मग ते कुणाला रुचो वा न रुचो. जड पाण्याच्या घरात डिटर्जंट पूर्णपणे सोडण्याचा अट्टहास करू नये. ते निम्मे करावे. प्रयोगशाळेत आम्ही मोजून घातलेली पावडर आणि घरोघरी मी पाहिलेली पावडर यांत नेहमी दुपटीचा, कधी तिपटीचा फरक असे, कारण घरी माप फेसावर ठरते आणि स्वच्छतेचा फेसाशी फारसा संबंध नसतो. एका आठवड्यासाठी तुमच्या मापाच्या निम्मी पावडर आणि वर सांगितला तेवढा सोडा वापरून पाहा. कॉलर आणि बाह्यांच्या कडा तेवढ्या आधी ओल्या साबणवडीने चोळून घ्या. पावडर निवडताना फॉस्फेटविरहित असे लिहिलेली घ्या. फॉस्फेट म्हणजे पाण्यातल्या शेवाळासाठी आणि जलपर्णीसाठी खतच, आणि शहराचे बरेचसे सांडपाणी शेवटी ठाण्याच्या खाडीकडे जाते, त्याच खाडीकडे जिथे दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि जिला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला.

रिठ्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहिते. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते, ते फेस देते आणि सौम्यपणे मळ काढते. पैठणी, रेशमी साडी, स्वेटर, शाल यांसाठी माझ्या मते त्याहून चांगले काही नाही. आठ-दहा रिठ्यांच्या साली रात्री कोमट पाण्यात भिजवाव्यात, सकाळी कुस्करून गाळाव्यात आणि ते पाणी त्याच दिवशी वापरावे. ठाण्याच्या दमट हवेत ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते. शाळेच्या गणवेशावरचे तेलाचे डाग किंवा घामाच्या कॉलरी मात्र रिठ्याने निघत नाहीत आणि पांढऱ्या कपड्यांवर त्याची तपकिरी छटा चढते. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: सॅपोनिन माशांना विषारी असते. ते निसर्गात लवकर विघटित होते हे खरे, पण तळ्याकाठी बसून रिठ्याने धुणे धुणे हे पर्यावरणपूरक नव्हे. एखादी वस्तू झाडाची आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, हे आमच्या गटातल्या प्रत्येक नव्या बाईला मी पहिल्या दिवशी सांगते.

संडास आणि न्हाणीघर यांच्याकडे वळते, कारण पैसे आणि धोका दोन्ही तिथे जास्त आहेत. बाजारातील बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते पिवळट क्षारांचे थर काढण्यासाठी असते. तेच काम सायट्रिक ॲसिड थोडे सावकाश करते. झोपण्यापूर्वी भांड्यातले पाणी ब्रशने आत ढकलून पातळी कमी करावी, तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड कडेने भुरभुरावे, आणि सकाळी घासून पाणी सोडावे. आठवड्यातून एकदा पुरते. नळाच्या तोट्यांवर आणि शॉवरच्या छिद्रांवर साचलेली पांढरी खपली असेल तर त्याच द्रावणात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवावे. इथे एक सूचना फार महत्त्वाची आहे. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि कोणतेही आम्ल, मग ते सायट्रिक असो, व्हिनेगर असो, लिंबाचा रस असो की बाजारचे टॉयलेट क्लीनर असो, कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि ठाण्यातल्या सदनिकांची न्हाणीघरे इतकी लहान असतात की बाहेर पडेपर्यंत तो छातीत गेलेला असतो. अमोनिया असलेल्या काचा पुसण्याच्या द्रावणाबरोबरही ब्लीच मिसळू नये.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून खळखळ फसफसणारे मिश्रण दाखवणाऱ्या चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतील. एक आम्ल, दुसरा अल्कली. दोन्ही एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरते ते जवळजवळ मिठाचे पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगी आहेत: फ्रीज आणि डब्यांतला वास घालवायला सोडा, क्षार काढायला आम्ल.

आम्लाबद्दल बोलते आहे तर आमच्या जुन्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. नौपाड्यातल्या त्या घरी स्वयंपाकाचा ओटा कडप्प्याचा होता, काळाभोर, आईने रोज पुसून गुळगुळीत केलेला. संत्र्याच्या सालींचे पहिलेवहिले बायो-एन्झाइम मी गाळत होते आणि गाळणीचे भांडे रात्रभर ओट्यावरच राहिले. सकाळी भांडे उचलले तर त्याच्या बुडाच्या मापाचे एक पांढरट, खरखरीत वर्तुळ उमटले होते. तेल चोळले, पॉलिश करून घेतले, पण बोट फिरवले की ते शेवटपर्यंत जाणवत राहिले. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच कुळातला. चुनखडीला आम्ल लागले की दगडच विरघळतो. मी रसायनशास्त्र शिकलेली असूनही ते माझ्या लक्षात आले नव्हते, म्हणून आता प्रत्येकीला आधी विचारते की घरात लादी कोणती आहे. जुन्या इमारतींतील मोझॅकमध्येही संगमरवराचे तुकडे असतात. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल आणि ग्रॅनाइट यांना सहसा काही होत नाही. शंका असेल तर दारामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकावा. बुडबुडे आले तर त्या घरात फरशीला आम्ल वर्ज्य.

फरशीसाठी तर खरोखर फारसे काही लागतच नाही. रोजच्या पुसण्याला साधे पाणी आणि त्यात कपडे धुण्याच्या पावडरीची एक चिमूट पुरेशी आहे. फिनाईलचा वास म्हणजे स्वच्छता ही आपल्याला लागलेली सवय आहे. निरोगी घरात रोज जंतुनाशक शिंपडण्याची आवश्यकता नसते. घरात कुणाला जुलाब, उलट्या किंवा कावीळ असेल तेव्हा मात्र मी पर्यावरणाचा विचार बाजूला ठेवून ब्लीच वापरते, कारण त्या वेळी साली आणि सोडे उपयोगाचे नाहीत. बाजारात साधारण ५ टक्क्यांचे ब्लीच मिळते. ते लिटरभर पाण्यात २० मिली घालून त्याच दिवशी वापरावे, दहा मिनिटे ओले राहू द्यावे आणि मग पाण्याने पुसून घ्यावे.

भांड्यांच्या बाबतीत रसायनापेक्षा माणूस महत्त्वाचा ठरतो, आणि हा मुद्दा बहुतेक लेखांत नसतो. तुमच्याकडे भांडी घासायला ताई येतात असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्याकडच्या ताईंना मी एकदा न विचारता रिठ्याचे द्रावण आणि काथ्या देऊन टाकला. आठवड्याने त्या म्हणाल्या, "काकू, फेस आला नाही तर भांडं धुतल्यासारखं वाटत नाही, मग मी दोनदा घेते. आणि या काथ्यानं बोटं सोलतात. दिवसाला पाच घरं करायची आहेत मला." त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर होते. आपल्या घराचा पर्यावरणपूरक होण्याचा भार त्यांच्या हातांवर टाकायचा आपल्याला अधिकार नाही. मग आम्ही दोघींनी मिळून पद्धत ठरवली. तेलकट कढई आणि तूप लागलेली भांडी आधी कणीक चाळून उरलेल्या कोंड्याने कोरडीच पुसायची. कोंडा चिकटपणा शोषून घेतो आणि ओल्या कचऱ्यात जातो, त्यामुळे तेल मोरीच्या नळीतही साचत नाही. भांड्यांचा द्रवरूप साबण एक भाग आणि पाणी चार भाग असा बाटलीत आधीच मिसळून ठेवायचा, म्हणजे हात सैल सुटला तरी माप सुटत नाही. घासणी म्हणून वाळलेले घोसाळे. वेलीवरच जून होऊन सुकलेल्या घोसाळ्याची साल काढली, बिया झटकल्या की आत जाळीदार घासणी तयारच असते. ती पाण्यात मऊ पडते, हाताला लागत नाही आणि महिना-दीड महिन्याने कुजवायला टाकता येते. गावाकडून कुणी येणार असेल तर पाच-सहा मागवून ठेवा. ताईंना ते आवडले, आणि एकेकाळी तीन आठवड्यांत संपणारी साबणाची बाटली आता दोन महिने जाते. तांब्या-पितळेसाठी सोलकढीला पिळून उरलेली आमसुले मीठ लावून चोळावीत. देवांची भांडी लखलखीत होतात आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

सासूबाईंची राख खोटी नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, ते तेलाशी मिळून साबणासारखेच काम करते. पण ती चुलीतल्या लाकडांची राख होती. आज सदनिकेत मिळणारी राख म्हणजे भट्टीच्या कोळशाची किंवा जाळलेल्या खोक्यांची. तिच्यात काय आहे कुणालाच ठाऊक नसते आणि नॉनस्टिक भांड्यांवर तिचे ओरखडे कायमचे राहतात. सासूबाईंच्या अनुभवाचा उपयोग धान्यासाठी मात्र जरूर करून घ्या. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावणे, तांदळात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालणे, गादी-गोधड्यांना मे महिन्याचे कडक ऊन दाखवणे, या गोष्टी आजही तितक्याच चालतात. कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या जागी वेखंडाचे तुकडे आणि ऊन पुरते. नॅफ्थलीनच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणे धोक्याचे असते, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.

सॅनिटरी पॅडचा खर्च तुम्ही यादीत शेवटी लिहिला आहे, पण पैसा आणि कचरा दोन्ही वाचवणारा बदल इथे सर्वांत मोठा आहे. महिन्याला बारा पॅड धरले तरी वर्षाला १४४ होतात आणि ते ना कुजतात, ना पुन्हा कामी येतात; वेगळ्या कागदात गुंडाळून दिले तरी ते वेचणारा कुणीतरी माणूसच असतो. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचा मासिक पाळीचा कप तीन-चारशे रुपयांपासून मिळतो आणि नीट वापरला तर अनेक वर्षे टिकतो. दर पाळीच्या शेवटी तो काही मिनिटे पाण्यात उकळायचा, एवढेच त्याचे काम. सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात हे आधीच मनाशी धरून चाला, पहिल्या महिन्यात घाबरून सोडू नका. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कापडी पॅडही चांगले, पण जून ते सप्टेंबर या काळात ते आपल्याकडे कडक वाळत नाहीत आणि दमट पॅड वापरले तर संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे ज्यांच्या घरात ऊन येत नाही त्यांना मी पावसाळ्यात ते सुचवत नाही.

कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आजपासून बंद केल्या तरी चालतील. ओल्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी वर्तमानपत्राचा कागद दुमडून ठेवावा आणि डबा रोज धुवावा. सुका कचरा कोरडाच असतो, त्याला पिशवी लागतच नाही. 'विघटनशील' असे छापलेल्या पिशव्या घेण्याचा मोह होईल. त्यांवर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का ते पाहा, आणि असला तरी लक्षात ठेवा की त्या मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेत कुजतात, बाल्कनीतल्या कुंडीत नाही.

आता तो २,८०० रुपयांचा संच. तुम्ही दिलेल्या यादीत बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, अन्न झाकायचे मेणकापड आणि छापील सुती पिशव्या आहेत, आणि यांतले काहीही घेऊ नका असे मी सांगेन. बांबूच्या ब्रशाचे केस बहुधा नायलॉनचेच असतात आणि दांड्याला आपल्या पावसाळ्यात बुरशी येते. तुम्ही घरी स्ट्रॉ वापरत नसाल तर स्टीलची स्ट्रॉ कशाची जागा घेणार? मेणकापडाचे काम वाटीवर ताटली झाकून होते. पोळ्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात द्या, पण वर्तमानपत्रात नको; शाईतली द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच त्याविरुद्ध सूचना दिली आहे. आणि नव्या सुती पिशवीबद्दल ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा आहे की तापमानवाढीच्या दृष्टीने तिला दुकानातल्या एका पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला १३१ वेळा वापरावे लागते, कारण कापूस पिकवायला आणि विणायला बराच खर्च होतो. सासूबाईंच्या विरलेल्या साडीतून शिवलेल्या पिशवीला तो खर्च नव्याने पडत नाही. एका साडीतून सहा मोठ्या पिशव्या होतात, उरलेल्या तुकड्यांतून पालेभाज्यांच्या छोट्या. बाजाराला जाताना मासळीसाठी स्टीलचा डबा बरोबर ठेवला की तिथली काळी पिशवीही टळते. जुने सुती बनियन हे पुसण्यासाठी जगातले उत्तम फडके आहे, तेव्हा टिश्यूचे रोलही नकोत.

तर आतापर्यंतचे एकत्र घेतले तर तुम्हाला विकत आणायचे आहे ते किलोभर धुण्याचा सोडा, अर्धा किलो सायट्रिक ॲसिड आणि जमेल तेव्हा मासिक पाळीचा एक कप. बाकीचे बदल म्हणजे काही गोष्टी न आणणे किंवा निम्म्या वापरणे. सगळे एकदम करू नका. घरात आधीच असलेले फिनाईल, टॉयलेट क्लीनर आणि साबणाचा तो चुरा फेकू नका, मोरीत ओतू नका, संपवा. चुरा महापालिकेच्या पाण्याच्या दिवशी पायपुसणी आणि फडकी धुवायला वापरता येईल. पहिल्या महिन्यात फक्त धुण्याचे माप आणि सोडा, दुसऱ्या महिन्यात संडास आणि फरशी, भांड्यांचे मात्र ताईंशी बोलून त्या म्हणतील तेव्हा.

राहिल्या त्या दोन बाटल्या. एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी हे प्रमाण तुम्ही बरोबर घेतले आहे आणि तीन महिने थांबायचे हेही बरोबर. बाटली प्लास्टिकची आहे ना, काचेची नाही ना, हे आधी पाहा, आणि पहिला महिनाभर रोज झाकण किंचित सैल करून वायू जाऊ द्या, नाहीतर ती फुटते. बाटलीवर भरल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा, म्हणजे घरातले कुणी तिला सरबत समजणार नाही. तयार झालेले द्रावण आंबट आणि आम्लधर्मी असते. मोरीची जाळी, बेसिनचे नळकांडे, सिरॅमिक टाइलवरचा चिकटपणा यांसाठी दहापट पाणी घालून ते चांगले चालते. त्याने जंतू मरतात असे धरून चालू नका आणि ब्लीचजवळ नेऊ नका. गाळून उरलेल्या साली ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीच्या मातीत मिसळा. आणि गाळताना भांडे ओट्यावर ठेवण्याआधी खाली ताट घ्या; तुमचा ओटा कोणत्या दगडाचा आहे ते तुम्ही लिहिलेले नाही.